दास कॅपिटल लिहिणाऱ्या कार्ल मार्क्सला धड बसताही येत नव्हतं, कारण होतं गळू

कार्ल मार्क्स म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? ती भलीमोठी दाढी, लाल झेंडा आणि दास कॅपिटल नावाचा जाडजूड ग्रंथ. हा ग्रंथ त्याने लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात वर्षानुवर्षं बसून लिहिला, असं आपण शाळा-कॉलेजात ऐकलेलं असतं. ते खरंही आहे. फक्त त्यातला 'बसून' हा शब्द जरा जपून वापरायला हवा.

कारण हे पुस्तक लिहून होत असताना असे कित्येक दिवस आले, की मार्क्सला बसताच येत नव्हतं. कधी पाठीवर, कधी काखेत, कधी जांघेत, तर कधी थेट बसायच्या जागी गळू. एक फुटायचं, तोवर दुसरं ठणकायला लागायचं. हा प्रकार थोडेथोडके दिवस नाही, कित्येक वर्षं चालला. डॉक्टर झाले, पोटीस झालं, आर्सेनिक झालं, समुद्राची हवा झाली. एकदा तर या गड्याने घरातला वस्तरा घेऊन स्वतःच चिरा दिला.

आज आपल्याकडे कुणी त्याला गळू म्हणतं, कुणी करट, कुणी बेंड, कुणी केसतूड. उन्हाळ्यात आंबे जास्त झाले म्हणून उठलं असेल, असं म्हणत घरोघरी ते अंगावर काढलं जातं. मार्क्सने नेमकं हेच केलं होतं. म्हणून त्याची ही गोष्ट आज सांगायला हवी.

सुखवस्तू घरातला पोरगा लंडनच्या दोन खोल्यांत

मार्क्सचा जन्म ५ मे १८१८ चा, प्रशियातल्या ट्रिअर गावचा. वडील वकील, घरचं बरं चाललेलं. पोरगा बॉन आणि बर्लिनला शिकला, १८४१ मध्ये डॉक्टरेट झाला. छाती कमजोर म्हणून त्याला लष्करातली सक्तीची नोकरी माफ झाली होती. म्हणजे तब्येतीची तक्रार तरुणपणापासूनच.

पुढे तो पत्रकारितेत आला. कोलोनमध्ये वर्तमानपत्राचा संपादक झाला, सरकारने ते पत्र बंद पाडलं. १८४३ मध्ये त्याने जेनी फॉन वेस्टफालेनशी लग्न केलं. ती उमराव घराण्यातली. दोघं पॅरिसला गेले, तिथून हाकललं. ब्रसेल्सला गेले, तिथूनही निघावं लागलं. मधल्या काळात फ्रेडरिक एंगल्स नावाचा जिवाभावाचा मित्र भेटला आणि १८४८ मध्ये दोघांच्या नावावर कम्युनिस्ट जाहीरनामा जमा झाला. अखेर १८४९ मध्ये मार्क्स लंडनला पोचला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

लंडनमधली पहिली वर्षं फार वाईट गेली. सोहो भागातल्या डीन स्ट्रीटवर दोन खोल्यांत सगळं बिऱ्हाड. सात मुलांपैकी फक्त तीन मुली मोठ्या झाल्या. आठ वर्षांचा लाडका मुलगा एडगर १८५५ मध्ये गेला. घरातल्या वस्तू गहाण पडायच्या, पुन्हा सुटायच्या, पुन्हा पडायच्या. मिळकत म्हणजे न्यूयॉर्क ट्रिब्यून या अमेरिकन वर्तमानपत्रातले लेख. त्यात त्याने १८५७ च्या भारतातल्या उठावावरही लिहिलं होतं. बाकीचा खर्च एंगल्स भागवायचा. तो मँचेस्टरला घरच्या सूतगिरणीच्या धंद्यात होता आणि तिथून पैसे पाठवायचा.

आता गंमत बघा. गळवं म्हटली की लोक आधी घाणीला दोष देतात. मार्क्सचं सोहोतलं घर तर धूर, धूळ आणि पसारा यांसाठी प्रसिद्ध होतं. पण त्याच्या गळवांनी खरा जोर धरला तो ते घर सोडल्यावर, १८६० च्या दशकात. आणि १८६४ मध्ये चार पैसे हातात आल्यावर कुटुंब मोठ्या, हवेशीर घरात गेलं, तरीही गळवं काही थांबली नाहीत. म्हणजे दुखणं फक्त अस्वच्छतेचं नव्हतं. मग कशाचं होतं? त्याचं उत्तर यायला त्याच्या मृत्यूनंतर १२४ वर्षं जावी लागली.

पाठीवर मुठीएवढं गळू

१८६३ चा नोव्हेंबर. मार्क्सच्या पाठीवर गळू उठलं आणि वाढत वाढत मुठीएवढं झालं. साधं गळू एका केसाच्या मुळाशी होतं. अशी अनेक गळवं शेजारी-शेजारी होऊन आतून एकमेकांना जोडली गेली की त्याला डॉक्टर कार्बंकल म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांचा शब्द काळपुळी. हे प्रकरण साधं नसतं. ताप येतो, माणूस खचतो आणि विष रक्तात भिनलं तर जिवावर बेततं.

मार्क्सने हे दुखणं बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी डॉक्टर ॲलन यांना बोलावलं. त्यांनी जेनीला खोलीबाहेर पाठवलं, घरची जुनी मोलकरीण हेलेन डेमुथ हिने मार्क्सला धरलं आणि डॉक्टरांनी खोल चिरा दिला. रक्त आणि पू यांची धार लागली. पुढचे काही आठवडे गरम पोटीस, भरपूर खाणं आणि शक्ती यावी म्हणून रोज पोर्ट वाइन, असा इलाज चालला. त्या काळात दारू हे औषधच समजलं जायचं.

तो जेमतेम उभा राहतोय तोवर आई गेल्याची बातमी आली. वारशाचं बघायला तो त्याच अवस्थेत जर्मनीला निघाला. तिथून हॉलंडमध्ये झाल्टबोमेल गावी मावशीच्या यजमानांकडे, लिऑन फिलिप्स यांच्याकडे गेला. तिथे गळवांनी पुन्हा गाठलं. दोन दिवसांचा पाहुणा पार फेब्रुवारी १८६४ पर्यंत त्यांच्या घरी अंथरुणाला खिळून राहिला. भांडवलशाहीवर तुटून पडणाऱ्या या माणसाची शुश्रूषा ज्या घराने केली, त्याच घरातल्या पुढच्या पिढ्यांनी १८९१ मध्ये फिलिप्स कंपनी काढली. हो, तीच बल्बवाली.

वस्तरा, आर्सेनिक आणि एक नवं प्रकरण

सप्टेंबर १८६४ मध्ये लंडनला कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि मार्क्स तिच्या कामात बुडाला. दिवसा बैठका, रात्री पुस्तक. झोप नाही, जेवणाची वेळ नाही, तोंडात सतत स्वस्तातली सिगार. १८६६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शरीराने हिशेब मागितला. एकामागून एक गळवं उठली. बसणं अशक्य झालं, चालणंही कठीण झालं. म्युझियमची वाट बंद झाली आणि तो घरीच पडल्या पडल्या, मध्येच थांबत, थोडं थोडं लिहू लागला.

आता इथे एक गोष्ट घडली आणि तिने पुस्तकच बदललं. किचकट सैद्धांतिक भाग लिहायला डोकं शांत लागतं. अंग ठणकत असताना ते जमेना. मग मार्क्सने कामाचे तास या विषयावरचा भाग हातात घेतला. गिरण्यांत मजुरांना किती तास राबवतात, लहान पोरांना रात्रपाळीला कसं जुंपतात, कारखाना निरीक्षकांचे अहवाल काय सांगतात, याचा इतिहास त्याने तिथे मांडला. मूळ आराखड्यात हा भाग एवढा मोठा नव्हता. आजारपणात तो वाढला, हे मार्क्सने स्वतः एंगल्सला कळवलं होतं. दास कॅपिटलमधला अवघड अर्थशास्त्र न कळणाऱ्यालाही भिडणारा भाग कोणता, तर अनेक जण याच प्रकरणाकडे बोट दाखवतात.

पण म्हणून दुखण्याचे गोडवे गायचं कारण नाही. कारण त्याच फेब्रुवारीत मार्क्सने डॉक्टरांना न विचारता धारदार वस्तरा घेतला आणि एक गळू स्वतः कापलं. घाण रक्त उसळून बाहेर आलं, थोडं हलकं वाटलं आणि त्याने ते मोठ्या फुशारकीने मित्राला कळवलं. तो वाचला हे त्याचं नशीब. असा घरचा चिरा जंतूंना आणखी खोल नेऊ शकतो, नस कापली जाऊ शकते, रक्तात विषबाधा होऊ शकते. तेव्हा तर जंतू मारायचं कुठलंही औषध हाताशी नव्हतं.

एंगल्स घाबरला. मँचेस्टरमधले डॉक्टर गुम्पर्ट यांचा सल्ला घेऊन त्याने मार्क्सच्या मागे आर्सेनिक घेण्याचा लकडा लावला. आर्सेनिक म्हणजे सोमल, सरळसरळ विष. पण एकोणिसाव्या शतकात त्वचेच्या हट्टी रोगांवर ते थोड्या मात्रेत दिलं जायचं. मार्क्स आधी टाळत होता, मग घ्यायला लागला. मार्चमध्ये त्याला मार्गेट या समुद्रकाठच्या गावी धाडण्यात आलं. महिनाभर चालणं, समुद्रस्नान, वेळेवर झोप. तब्येत सुधारली. लंडनला परतून जुनं चक्र सुरू झालं आणि गळवंही परतली.

एकाच वर्षी दोन गोष्टी

एप्रिल १८६७ मध्ये हस्तलिखित तयार झालं. प्रकाशक होता हॅम्बुर्गचा ओटो माइस्नर. पण जायचं कसं? कपडे आणि घड्याळ गहाण पडलेलं. एंगल्सने पैसे पाठवले, ते सोडवून घेतलं आणि मार्क्स बोटीने निघाला. सप्टेंबर १८६७ मध्ये दास कॅपिटलचा पहिला खंड बाहेर आला. प्रती होत्या १०००. मुद्रितं तपासतानाही गळवांचा त्रास चालूच होता. भांडवलदारांना माझी ही गळवं जन्मभर आठवतील, अशा आशयाचं काहीतरी त्याने एंगल्सला लिहून टाकलं. थट्टाच ती, पण तिच्यात ठणका होता.

याच १८६७ मध्ये ग्लासगोचे सर्जन जोसेफ लिस्टर यांनी एक नवी पद्धत जाहीर केली. जखम, पट्टी आणि हत्यारं कार्बोलिक ॲसिडने निर्जंतुक करायची. त्यांचा लेख मोडलेल्या हाडांच्या जखमांबद्दल होता आणि गळू कसं उघडावं याबद्दलही होता. चार वर्षांनी, १८७१ मध्ये, खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या काखेत गळू झालं. बालमोरल किल्ल्यावर लिस्टर यांना बोलावलं गेलं. त्यांनी कार्बोलिकचा फवारा मारत चिरा दिला, पू निचरायला रबराची नळी बसवली आणि राणी बरी झाली.

म्हणजे बघा, गळू राणीलाही सोडत नाही आणि क्रांतिकारकालाही नाही. फरक पडतो तो ते कोण आणि कसं उघडतं यावर.

पू नेमका होतो कशाने, हेही मार्क्सच्या हयातीतच कळलं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू दिसले. १८८० मध्ये त्यांनी हे बर्लिनला सर्जन मंडळींसमोर मांडलं आणि १८८२ मध्ये त्या जंतूला नाव दिलं स्टॅफिलोकॉकस. ग्रीक भाषेत स्टॅफिले म्हणजे द्राक्षांचा घड. पण या जंतूला मारणारं औषध, म्हणजे पेनिसिलिन, सापडायला १९२८ साल उजाडलं. तेही लंडनमध्येच, आणि अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या याच जंतूच्या ताटलीत.

शेवटची वर्षं

१८७० नंतर मार्क्सच्या दुखण्यांत भर पडत गेली. यकृताचा त्रास, डोकेदुखी, निद्रानाश. औषधी झऱ्याचं पाणी प्यायला तो १८७४ पासून सलग तीन वर्षं कार्ल्सबादला गेला. दास कॅपिटलचे पुढचे खंड त्याच्या हातून पुरे झाले नाहीत, ते एंगल्सने नंतर काढले. डिसेंबर १८८१ मध्ये जेनी गेली. छातीच्या दुखण्यावर कोरडी हवा बरी म्हणून १८८२ मध्ये तो अल्जिअर्सला गेला. तिथे त्याने ती प्रसिद्ध दाढीही काढून टाकली. जानेवारी १८८३ मध्ये थोरली मुलगी वारली. १४ मार्च १८८३ ला दुपारी तो आपल्या आरामखुर्चीत शांतपणे गेला. लंडनच्या हायगेट स्मशानात त्याला पुरलं तेव्हा जेमतेम डझनभर माणसं हजर होती.

मग तो आजार होता तरी कोणता?

२००७ मध्ये ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ सॅम शुस्टर यांनी मार्क्सची पत्रं बारकाईने वाचून एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की ही साधी गळवं नव्हतीच. हा हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा नावाचा जुनाट आजार असावा. अर्थात दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान पत्रांवरून होतं तेव्हा त्यात 'असावा' हा शब्द राहतोच. पण जागा जुळतात, काळ जुळतो, पुन्हा पुन्हा होणंही जुळतं.

या आजारात काख, जांघ, स्तनांखाली, नितंब अशा घासल्या जाणाऱ्या जागी केसांच्या मुळाशी असलेल्या नळ्या बंद होतात, आतल्या आत फुटतात आणि सूज धरतात. गाठी होतात, पू येतो, बऱ्या होताना व्रण पडतात. पुढे त्वचेखाली बोगद्यासारख्या वाटा तयार होतात. हा आजार संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेमुळे तर होतच नाही. धूम्रपान आणि जास्त वजन यांच्याशी मात्र त्याचा जवळचा संबंध दिसतो, काही घराण्यांत तो पिढीजात असतो. मार्क्सच्या त्या सिगारी आठवल्या ना?

आणखी चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे फ्रान्समध्ये वेल्पो या सर्जनने असा रोग १८३९ मध्येच नोंदवला होता आणि १८५४ मध्ये वेर्नय यांनी त्याला नावही दिलं होतं. पण मार्क्सच्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी एकेक गळू पाहिलं आणि एकेका गळवावर इलाज केला. सगळी मिळून एक साखळी आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आजही अनेकांचं हेच होतं. जागा लाजेची असते म्हणून सांगत नाहीत. सांगितलं तर घरचे उष्णतेवर ढकलतात. मेडिकलवाला गोळ्या देतो, तेवढ्यापुरतं बसतं, दोन महिन्यांनी पुन्हा उठतं. योग्य निदान व्हायला वर्षं निघून जातात.

तुम्हाला गळू झालं तर काय कराल?

साधं, लहान गळू असेल तर स्वच्छ फडकं गरम पाण्यात भिजवून, पिळून दिवसातून तीन-चार वेळा १० ते १५ मिनिटं शेका. त्याने ते लवकर पिकतं आणि तोंड धरतं. दाबू नका, सुईने टोचू नका, ब्लेड तर मुळीच लावू नका. फुटलं तर साबणाने धुऊन स्वच्छ पट्टी बांधा आणि हात धुवा. पुवात जंतू असतात. म्हणून टॉवेल, वस्तरा, कपडे कुणाशी वाटून घेऊ नका आणि ते गरम पाण्याने धुवा. निम्म्या लोकांचा गोंधळ अँटिबायोटिकबद्दल असतो. पू साचलेल्या गळवाला मुख्य इलाज म्हणजे डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढणं. गोळ्या लागतील की नाही ते त्यांना ठरवू द्या आणि दिल्या तर पूर्ण घ्या. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या गिळू नका.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं? ताप आला, लाली पसरायला लागली, गळू चेहऱ्यावर किंवा पाठीच्या कण्यावर आहे, खूप मोठं आहे, किंवा आठवडाभरात उतरलं नाही तर. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या भागातलं गळू पिळलं तर संसर्ग मेंदूच्या दिशेने जाऊ शकतो. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका. वारंवार गळवं होत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या, कारण कित्येकांना मधुमेह असल्याचा पत्ता इथूनच लागतो.

आणि काख किंवा जांघ अशा त्याच त्या जागी सहा महिन्यांत दोनदा-तीनदा गाठी उठत असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. हायड्राडेनायटिसवर आज लावायची औषधं आहेत, दीर्घकाळ द्यायची अँटिबायोटिक्स आहेत, सूज रोखणारी इंजेक्शनं आहेत, शस्त्रक्रिया आहे. सिगारेट सोडणं आणि वजन आटोक्यात ठेवणं हे आपल्या हातात आहे. जाताना आधीच्या गळवांच्या तारखा आणि जागा एका कागदावर लिहून न्या, जमलं तर फोटोही.

मार्क्सने प्रत्येक गळवाची नोंद न चुकता एंगल्सला पाठवलेल्या पत्रांत केली होती. त्या पत्रांची चळत कुणी त्याच्या डॉक्टरसमोर एकत्र ठेवली असती, तर कदाचित त्या दिवशी वस्तऱ्याला हात लावायची वेळ आली नसती.